ऑस्करची बातमी कशी वाचावी, दहा चित्रपट कसे निवडावेत

सप्टेंबरमध्ये भारताची अधिकृत प्रवेशिका जाहीर होते आणि तिथून मार्चपर्यंत 'ऑस्करच्या शर्यतीत' हे शब्द रोज कुठल्या ना कुठल्या मथळ्यात दिसत राहतात. वाचकांचे प्रश्न मात्र दर वर्षी तेच असतात. अमुक चित्रपट ऑस्करला गेला, म्हणजे नक्की काय झाले? आपण पाठवलेला चित्रपट 'सर्वोत्कृष्ट चित्रपट' या मुख्य पुरस्कारासाठी का नसतो? ज्याला सर्वांत जास्त नामांकने, तोच रिकाम्या हाताने कसा परततो? आणि घरी बसून, आईवडील किंवा मुले शेजारी असताना, नामांकन मिळालेल्या दहा चित्रपटांपैकी नेमके काय लावावे?

प्रक्रियेतले चार-सहा टप्पे नीट कळले की यातले बहुतेक प्रश्न सुटतात. पुढची बरीचशी उदाहरणे मार्च २०२५ मध्ये झालेल्या ९७व्या सोहळ्याची आहेत. त्या एकाच वर्षात हे सगळे घोळ एकदम पाहायला मिळाले होते.

बातमी कोणत्या पायरीची आहे, ते आधी पाहा

'ऑस्करसाठी निवड' हा मथळा पुढच्या पाचांपैकी कोणत्याही पायरीवर छापला जातो. पायऱ्यांमधले अंतर मात्र फार मोठे आहे.

- देशाची प्रवेशिका. फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया ही संस्था दर वर्षी एक चित्रपट निवडते. तो फक्त 'सर्वोत्कृष्ट आंतरराष्ट्रीय चित्रपट' या विभागासाठी असतो.
- पात्र चित्रपटांची यादी. ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे प्रदर्शनाचे नियम पाळून अर्ज केलेले सगळे चित्रपट या यादीत येतात. गुणवत्तेची निवड इथे झालेलीच नसते.
- लघुयादी. काही ठरावीक विभागांतच ती निघते. आंतरराष्ट्रीय चित्रपटासाठी पंधरा नावे असतात. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी अशी यादी निघतच नाही.
- नामांकन. बहुतेक विभागांत पाच, सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी दहा.
- पुरस्कार.

सर्वांत जास्त फसगत दुसऱ्या पायरीवर होते. जानेवारी २०२५ मध्ये अकादमीने ३२३ पात्र चित्रपटांची यादी जाहीर केली. त्यांपैकी २०७ चित्रपट सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या जादा अटींतही बसत होते. पात्र ठरलेल्यांत 'कांगुवा', 'आडुजीवितम', 'स्वातंत्र्यवीर सावरकर' अशी भारतीय नावे होती आणि आपल्याकडे लगेच अभिनंदनाचे संदेश फिरू लागले. ही यादी म्हणजे परीक्षेचा अर्ज स्वीकारला गेल्याची पावती. तिच्यात नाव असण्यात कमीपणा नाही, उलट तिथवर पोचायला निर्मात्याला पैसे आणि मेहनत दोन्ही खर्चावी लागतात. पण ती निवड नव्हे. २३ जानेवारीला नामांकने जाहीर झाली तेव्हा यांपैकी एकही चित्रपट त्यांत नव्हता आणि आदल्या पंधरवड्यात हुरळून गेलेल्या चाहत्यांचा हिरमोड झाला. मथळ्यात 'पात्र' हा शब्द दिसला, की पुढचे दोन आठवडे थांबलेले बरे.

वर्षाच्या आकड्यानेही गोंधळ होतो. २०२५ च्या सोहळ्यात २०२४ चे चित्रपट गौरवले जातात. कुठल्या चित्रपटाला कोणत्या साली पुरस्कार मिळाला हे शोधताना वर्षाऐवजी सोहळ्याचा क्रमांक धरून शोधा. चूक होत नाही.

देशाचा चित्रपट वेगळा, 'सर्वोत्कृष्ट चित्रपट' वेगळा

या दोन स्वतंत्र स्पर्धा आहेत. एकीत देश नाव पाठवतो. दुसरीत निर्माता थेट उतरतो, देशाची शिफारस लागत नाही आणि पुरस्कारही निर्मात्यालाच दिला जातो. दिग्दर्शकासाठी वेगळा विभाग आहेच.

९७व्या सोहळ्याच्या वेळी फेडरेशनच्या तेरा जणांच्या समितीने २९ चित्रपटांमधून किरण राव यांचा 'लापता लेडीज' निवडला. त्याच वर्षी कान महोत्सवात पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ने ग्राँ प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान मिळवला होता. मुंबईत काम करणाऱ्या परिचारिकांची ही गोष्ट पुढे रत्नागिरीच्या किनाऱ्याकडे जाते, त्यामुळे मराठी प्रेक्षकांना ती जवळची वाटली. तो चित्रपट भारताकडून गेला नाही म्हणून बरीच नाराजी झाली. तरीही अमेरिकेत प्रदर्शित झाल्यामुळे इतर विभागांसाठी तो पात्र होताच. डिसेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय विभागाची लघुयादी आली. तिच्यात 'लापता लेडीज' नव्हता. पण संध्या सुरी यांचा 'संतोष' हा हिंदी चित्रपट होता, आणि तो होता ब्रिटनची प्रवेशिका म्हणून. चित्रपटाची भाषा कोणतीही असो, तो कोणत्या देशाने पाठवला यावर या विभागातली ओळख ठरते.

थेट उतरण्याचे उत्तम उदाहरण म्हणजे 'आरआरआर'. त्या वर्षी फेडरेशनने 'छेल्लो शो' हा गुजराती चित्रपट निवडला होता आणि तो पंधरांच्या लघुयादीपर्यंत गेलाही. 'आरआरआर'ने स्वतंत्रपणे अर्ज भरले, अमेरिकेत जोरदार प्रचार केला आणि 'नाटू नाटू'ला सर्वोत्कृष्ट गीताचा पुरस्कार मिळाला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे नामांकन मात्र त्यालाही मिळाले नाही.

९७व्या सोहळ्यापर्यंत भारताच्या तीनच प्रवेशिकांना आंतरराष्ट्रीय विभागात नामांकन मिळाले होते: 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे' आणि 'लगान'. 'श्वास', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि 'कोर्ट' हे मराठी चित्रपट भारताकडून गेले, पण नामांकनापर्यंत पोचले नाहीत. 'गांधी' आणि 'स्लमडॉग मिलेनिअर' यांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळवला, कारण ब्रिटिश दिग्दर्शकांचे ते इंग्रजी वळणाचे चित्रपट सरळ मुख्य स्पर्धेत होते. मूळच्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांना १९८३ मध्ये वेशभूषेसाठी ऑस्कर मिळाला तो 'गांधी'साठीच.

मग इंग्रजी नसलेला चित्रपट मुख्य पुरस्कार जिंकूच शकत नाही का? शकतो. कोरियाच्या 'पॅरासाइट'ने २०२० मध्ये तो जिंकला, तसा जिंकणारा तो पहिलाच, आणि आंतरराष्ट्रीय चित्रपटाचा पुरस्कारही त्यालाच मिळाला. ९७व्या सोहळ्यात ब्राझीलचा 'आय ॲम स्टिल हिअर' दोन्ही विभागांत होता. लष्करी राजवटीत नवरा बेपत्ता झालेल्या बाईची ही खरी कहाणी. या चित्रपटाने आंतरराष्ट्रीय विभाग जिंकला.

मते मोजतात कशी?

हे समजले नाही तर निकाल दर वर्षी धक्कादायक वाटतो. महाराष्ट्रातल्या पदवीधरांना मात्र ही पद्धत अनोळखी नाही. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात उमेदवारापुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहायचा असतो. राष्ट्रपतिपदाची निवडणूकही अशीच होते. १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीच्या मतांवर निवडून आले होते. अकादमी सर्वोत्कृष्ट चित्रपट याच रीतीने निवडते. इतर विभागांत ज्याला जास्त मते तो विजेता, इतका साधा हिशेब असतो.

नामांकनाच्या वेळी अकादमीचे सदस्य आपापल्या शाखेपुरते मत देतात: अभिनेते अभिनेत्यांना, संकलक संकलकांना. सर्वोत्कृष्ट चित्रपटाला मात्र सगळ्या शाखांचे सदस्य मत देऊ शकतात. शेवटच्या फेरीत दहा चित्रपट पसंतीक्रमाने लावायचे असतात.

समजा, शंभर मते आहेत आणि सोयीसाठी चारच चित्रपट. पहिल्या पसंतीत 'क'ला ३८, 'ख'ला ३०, 'ग'ला २० आणि 'घ'ला १२ मते. पन्नासच्या वर कोणीच नाही, म्हणून सर्वांत मागचा 'घ' बाद होतो. त्याच्या बारा मतपत्रिकांवरची दुसरी पसंती पाहिली: आठ 'ख'ला, तीन 'ग'ला, एक 'क'ला. आता 'क' ३९, 'ख' ३८, 'ग' २३. 'ग' बाद. त्याच्या तेवीसपैकी सोळा 'ख'कडे आणि सात 'क'कडे वळतात. 'ख' ५४ मतांनी जिंकतो. पहिल्या मोजणीत आठ मतांनी पुढे असलेला 'क' हरतो.

याचा अर्थ, ज्याच्यावर काही जण जीव टाकतात आणि बाकीचे नाक मुरडतात, तो चित्रपट या मोजणीत मागे पडतो. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर ज्याला बहुतेकांनी जागा दिली, तो वर सरकतो. म्हणूनच नामांकनांच्या संख्येवरून निकाल ओळखता येत नाही. ९७व्या सोहळ्यात 'एमिलिया पेरेझ'ला १३ नामांकने होती. इंग्रजी नसलेल्या चित्रपटांत तो विक्रमच. पुरस्कार मिळाले दोन. 'अनोरा'ला नामांकने सहाच, पुरस्कार पाच, आणि त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपटही. त्या पाचांपैकी चार एकट्या शॉन बेकर यांचे: निर्मिती, दिग्दर्शन, मूळ पटकथा आणि संकलन. त्याआधी २०२२ मध्ये 'कोडा' तर अवघ्या तीन नामांकनांवर जिंकला होता. समोरच्या 'द पॉवर ऑफ द डॉग'ला बारा होती.

सदस्य सगळे चित्रपट पाहतात का, असाही प्रश्न वाचक विचारतात. बरीच वर्षे तशी सक्ती नव्हती. एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नियमाप्रमाणे, ज्या विभागात शेवटचे मत द्यायचे त्यातले सर्व नामांकित चित्रपट पाहणे आवश्यक झाले. हा नियम फार आधी यायला हवा होता. मोठ्या प्रचाराचा खर्च न झेपणाऱ्या लहान चित्रपटांचा यात सर्वांत जास्त फायदा आहे.

मित्रमंडळींत अंदाज बांधत असाल तर

अमेरिकेत, दुबईत किंवा पुण्यातल्या कचेरीत, विजेत्यांची नावे आधी लिहून ठेवण्याचा खेळ आता बराच रुळला आहे. तुम्हीही खेळत असाल तर गोल्डन ग्लोबवर फार विसंबू नका. तिथे मत देणारे पत्रकार असतात, अकादमीचे सदस्य नव्हेत. २०२५ मध्ये ग्लोबने नाट्य विभागात 'द ब्रुटलिस्ट' आणि संगीत-विनोदी विभागात 'एमिलिया पेरेझ' निवडला; 'अनोरा'ला तिथे काहीच मिळाले नाही.

निर्माते आणि दिग्दर्शक यांच्या अमेरिकी संघटनांचे पुरस्कार जास्त उपयोगी, कारण तिथले बरेच मतदार अकादमीतही असतात. निर्मात्यांची संघटना मते मोजतेही पसंतीक्रमानेच. ८ फेब्रुवारी २०२५ च्या एकाच रात्री या दोन्ही संघटनांनी 'अनोरा'ला कौल दिला आणि चित्र बरेचसे स्पष्ट झाले. त्यानंतर ब्रिटनच्या बाफ्टाने 'कॉन्क्लेव्ह' निवडला, अभिनेत्यांच्या संघटनेनेही सर्वोत्तम कलाकारसंचासाठी तोच निवडला, तरी निकाल बदलला नाही. पण हा ताळा दर वेळी जुळत नाही. निर्मात्यांनी 'ला ला लँड' निवडला त्या वर्षी ऑस्कर 'मूनलाइट'ला मिळाला, '१९१७' निवडला तेव्हा 'पॅरासाइट'ला.

'दिग्दर्शनाचे नामांकन नसेल तर चित्रपट जिंकत नाही' असा एक जुना ठोकताळा सांगितला जातो. 'आर्गो', 'ग्रीन बुक' आणि 'कोडा' यांनी तो मोडून काढला आहे.

दहांपैकी काय पाहावे आणि कोणाबरोबर?

दहाच्या दहा पाहण्याचा हट्ट धरू नका. त्यात निम्मे अर्धवट राहतात आणि उरलेले कंटाळून संपवले जातात. विजेत्यापासूनच सुरुवात करावी असेही नाही. आधी किती वेळ आहे आणि शेजारी कोण बसणार आहे, ते ठरवा. ९७व्या सोहळ्याच्या यादीवरून पाहा:

- घरातल्या ज्येष्ठांबरोबर: 'कॉन्क्लेव्ह'. नव्या पोपच्या निवडणुकीतले डावपेच, दोन तासांचा आटोपशीर जीव, रेफ फाइन्सचा संयत अभिनय. आपल्याकडच्या राजकारणाच्या चाहत्यांना तो हमखास धरून ठेवतो.
- मुलांबरोबर: 'विकेड'. गाणी, रंग, जादू. मात्र ही निम्मीच गोष्ट आहे, उत्तरार्ध वेगळा चित्रपट आहे, हे मुलांना आधीच सांगा.
- संगीतप्रेमींसाठी: तरुण बॉब डिलनवरचा 'अ कम्प्लीट अननोन'. आठ नामांकने आणि एकही पुरस्कार नाही; तरी पाहण्याजोगा.
- मोठ्या पडद्यासाठीच: 'ड्यून: पार्ट टू'. फोनवर पाहिलात तर अर्धा चित्रपट हातून गेला. पहिला भाग पाहिला नसेल तर याला हात लावू नका.
- फक्त प्रौढांनी: 'अनोरा' आणि 'द सब्स्टन्स'. पहिल्यात उघड लैंगिक दृश्ये आहेत, दुसऱ्यात शरीराची विदारक भयदृश्ये. पुरस्काराचे नाव ऐकून सहकुटुंब लावण्याची चूक अनेक घरांत होते.
- सुटीच्या दिवशी: 'द ब्रुटलिस्ट'. मध्ये पंधरा मिनिटांचे मध्यंतर धरून ३ तास ३५ मिनिटे. हे मध्यंतर दिग्दर्शकानेच घातलेले आहे, तेव्हा ते तिथेच घ्या.

'निकल बॉईज'बद्दल वेगळे सांगायला हवे. फ्लोरिडातल्या एका सुधारगृहात अडकलेल्या दोन कृष्णवर्णीय मुलांची ही कहाणी जवळजवळ पूर्णपणे त्यांच्याच डोळ्यांतून दिसते. कॅमेरा म्हणजे त्यांची नजर. पहिली वीस मिनिटे अवघड जातात. तेवढा वेळ द्या. दोनच नामांकने आणि एकही पुरस्कार नसलेला हा चित्रपट त्या दहांमध्ये सर्वांत धाडसी होता, आणि यादीत जागा मिळाली नसती तर आपल्याकडे त्याचे नावही फारसे ऐकू आले नसते. दहा जागांचा खरा उपयोग आहे तो हा.

प्रमाणपत्र, कात्री आणि तुमचे हक्क

चित्रपटगृहात जाण्याआधी प्रमाणपत्र पाहा. 'ए' असेल तर अठरा वर्षांखालच्या कोणालाही प्रवेश नाही. आईवडील सोबत असले तरी नाही. दहावी-बारावीच्या मुलांना घेऊन गेलेली कुटुंबे दारावरून परत फिरतात ती यामुळेच. २०२४ पासून 'यूए'चे तीन पोटविभाग झाले आहेत: ७+, १३+ आणि १६+. त्या वयाखालच्या मुलाला दाखवायचे की नाही, हे पालकांनी ठरवायचे असते.

परदेशात प्रदर्शित झालेली प्रत आणि इथली प्रत एकच असेल असे गृहीत धरू नका. 'ओपनहायमर'मधले एक नग्न दृश्य भारतात संगणकाच्या साहाय्याने काळा पोशाख चढवून दाखवले गेले होते. 'संतोष'ला सुचवलेल्या काटछाटीमुळे त्याचे इथले प्रदर्शनच अडले. जगभर चर्चा झालेला चित्रपट तुमच्या शहरात लागला नाही, तर दर वेळी दोष वितरकाचाच असतो असे नाही.

ओटीटीवर पाहताना हे लक्षात ठेवा:

- २०२१ च्या नियमांनुसार प्रत्येक चित्रपटाबरोबर वयोगट दाखवणे आणि १३+ व त्यावरच्या आशयासाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय देणे अपेक्षित आहे. ते कुलूप सेटिंगमध्ये असते. एकदा बसून लावून टाका.
- तक्रार असेल तर मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी करा. ती पंधरा दिवसांत निकाली काढण्याची तरतूद आहे. पोचपावती जपून ठेवा.
- वर्गणी भरण्याआधी चित्रपट वर्गणीतच आहे की वेगळे भाडे द्यावे लागेल, ते तपासा. नव्या ऑस्कर चित्रपटांना अनेकदा वेगळे भाडे असते.

चित्रपटगृहात पडद्याचे चित्रीकरण करू नका. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर अनधिकृत चित्रीकरणाला तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड आहे.

तुम्ही स्वतःच निर्माते असाल तर

मराठी निर्मात्यांसाठी दोन्ही वाटा खुल्या आहेत, पण खर्चाचे गणित वेगवेगळे आहे. देशाच्या प्रवेशिकेसाठी चित्रपट ठरलेल्या मुदतीत किमान सलग सात दिवस चित्रपटगृहात चाललेला हवा आणि त्यातले निम्म्याहून अधिक संवाद इंग्रजीखेरीज अन्य भाषेत हवेत. अर्ज फेडरेशनकडे करायचा.

थेट स्पर्धेसाठी चित्रपट चाळीस मिनिटांपेक्षा मोठा हवा आणि तो लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को परिसर, शिकागो, डलास-फोर्ट वर्थ किंवा अटलांटा यांपैकी एका ठिकाणी, तिकीट लावून, सलग सात दिवस दाखवलेला हवा. रोज किमान तीन खेळ, त्यांतला एक संध्याकाळी सहा ते दहाच्या दरम्यान सुरू होणारा. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी ९७व्या सोहळ्यापासून आणखी एक अट आली: अमेरिकेतल्या पहिल्या ५० बाजारपेठांपैकी दहांमध्ये आणखी सात दिवसांचे प्रदर्शन. अमेरिकेबाहेरच्या प्रदर्शनाच्या जोरावर यांतल्या दोनच जागा भरून काढता येतात. शिवाय समावेशकतेच्या चारपैकी दोन निकषांची पूर्तता दाखवावी लागते. नियम दर वर्षी बदलतात, तेव्हा त्या त्या वर्षीची अकादमीची नियमावली वाचल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

प्रदर्शनानंतर प्रचार आलाच: सदस्यांसाठी खेळ, जाहिराती, दिग्दर्शक-कलाकारांचा मुक्काम. 'श्वास'च्या वेळी त्यासाठी महाराष्ट्रातल्या लोकांनी वर्गणी दिली होती. 'तुमचा चित्रपट ऑस्करच्या यादीत घालून देतो' असे सांगत कोणी दलाल आला, तर तो पाचांपैकी कोणत्या पायरीबद्दल बोलतो आहे, ते लिहून मागा. पात्र यादीत नाव येणे हे नियम पाळून स्वतःच करण्याचे काम आहे. त्यापुढचे कोणी विकत देऊ शकत नाही.

सोहळ्याची सकाळ

सोहळा अमेरिकेत रविवारी दुपारी, म्हणजे भारतात सोमवारी पहाटे असतो. वेळ मात्र तपासून गजर लावा. अमेरिकेतली घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात. २०२५ चा सोहळा त्याआधी झाला आणि आपल्याकडे साडेपाचला सुरू झाला. २०२४ चा बरोबर त्याच रविवारी होता, म्हणून साडेचारला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे नाव साधारणपणे सर्वांत शेवटी, साडेतीन तासांच्या आसपास घोषित होते. सोहळा साडेपाचला सुरू होणार असेल, तर नोकरदारांनी आठच्या सुमारास लावले तरी ते क्वचितच हुकते; साडेचारचा असेल तर तासभर आधी लावा. २०२१ मध्ये मात्र हा पुरस्कार अभिनयाच्या दोन पुरस्कारांआधीच देऊन टाकला होता.

थेट प्रक्षेपण कोणत्या वाहिनीवर आणि मंचावर आहे, ते आदल्या आठवड्यात पाहून घ्या. हक्क बदलत राहतात. २०२९ च्या १०१व्या सोहळ्यापासून ते यूट्यूबवर दाखवण्याचा करार अकादमीने केला आहे.